पातळ रक्ताचा तांडेल

मी काय काम करते हे सांगितलं की समोरचा माणूस आधी आदरानं बघतो आणि मग हळूच हात मागे घेतो. रक्त गोठायची वाट बघणं, एवढंच माझं काम. धाकट्या जावेनं एकदा पाहुण्यांना कौतुकानं सांगितलं, "आमच्या ताई लॅबमध्ये रक्त गोठवतात," आणि त्या पाहुण्यांच्या मुलांनी त्या दिवशी माझ्या हातचा लाडू घेतला नाही.

रत्नागिरीतल्या एका खाजगी रुग्णालयाच्या लॅबमध्ये माझी बरीचशी हयात गेली, थोडी उरली आहे. लॅब म्हटलं की लोकांना साखर आणि हिमोग्लोबिन आठवतं. ती टेबलं दुसऱ्यांची. माझ्याकडे रक्ताचा एकच गुण येतो, ते किती वेळात गोठतं. पूर्वी ही वाट मी स्वतः बघायचे. कोमट पाण्याच्या टबात काचेची बारीक नळी, दुसऱ्या हातात स्टॉपवॉच. नळी सारखी तिरकी करून बघायची. नळीतलं रक्ताचं पाणी एकदम जाळं धरल्यासारखं थबकलं की घड्याळ दाबायचं. या कामानं हाताला अशी खोड लागली की जेवताना सोलकढीची वाटीही मी तिरकी करून बघायचे. सासूबाईंनी एकदा विचारलं, "फाटलीय का गो कढी?" मी म्हटलं, "नाही, वेळ बघतेय." त्यांनी पुढे कधी काही विचारलं नाही.

मग यंत्र आलं. आता नळी यंत्र धरतं, औषध यंत्र घालतं, प्रकाशाचा झोत यंत्र सोडतं. रक्तातलं पिवळसर पाणी गढूळ झालं, झोत अडला, की यंत्र आकडा देतं. पूर्वी मी रक्ताची वाट बघायचे, आता यंत्राची बघते. याला प्रगती म्हणतात आणि मी तिच्या बाजूची आहे, कारण यंत्र जांभई देत नाही.

यंत्र आल्यानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आम्ही त्याची रीतसर पूजा केली. झेंडूचा हार, हळदकुंकू, अक्षता. माझी सहकारी वैशाली म्हणाली, "मॅडम, अक्षता जरा लांबून टाका." मी लांबून टाकल्या, आणि लांबून टाकल्यामुळेच त्या नेम चुकून नळ्या आत सरकण्याच्या फटीत गेल्या. दुसऱ्या दिवशी यंत्र ओरडायला लागलं. कंपनीच्या इंजिनिअरला फोन लावला.

"मॅडम, आत काही गेलंय का?"

"तांदूळ."

"तांदूळ? लॅबमध्ये?"

"अक्षता."

पलीकडे पानं उलटल्याचा आवाज आला. मग तो म्हणाला, "आमच्या पुस्तकात हा एरर नाही, मॅडम." तेव्हापासून आमच्या यंत्राला नमस्कार फक्त हात जोडून करतात.

आता जरा समजावून सांगते, कारण पुढचं त्याशिवाय कळणार नाही. रक्त शरीराबाहेर आलं की आपोआप गोठतं. ते आमच्यापर्यंत पातळ पोचावं म्हणून निळ्या झाकणाच्या नळीत आधीच थोडं औषध असतं. त्या नळीवर एक रेघ असते आणि रक्त बरोबर त्या रेघेपर्यंत घ्यावं लागतं. कमी घेतलं तर औषध जास्त होतं आणि आकडा खोटा येतो. नवीन नर्स मुली रुग्णाची कीव करून अर्धीच नळी भरतात आणि मी ती परत पाठवते. मग वॉर्डात माझ्याविषयी जे बोललं जातं ते मला वैशाली इमानानं सांगते. कधी रक्त ओढताना जोर लागून लाल पेशी फुटतात. मग नळी गरगर फिरवून पेशी तळाला बसवल्यावर वरचं पाणी पिवळं न राहता सोलकढीच्या रंगाचं होतं, तीही परत. कुणी मटण झोडून आला असेल तर ते पाणी नारळाच्या दुधासारखं दाट पांढरं, त्यात यंत्राला दिसत नाही. माझ्या टेबलावर अख्खं कोकणी जेवण येऊन गेलंय. भूक मात्र कधी लागली नाही.

माझी खास गिऱ्हाइकं म्हणजे हृदयात झडप बसवलेले लोक. झडप धातूची असते. रक्ताला धातू परका वाटतो, ते त्यावर गुठळी धरू बघतं. गुठळी सुटली की थेट मेंदूत जाऊ शकते. म्हणून या लोकांना जन्मभर एक गोळी घ्यावी लागते, जिला सगळे 'रक्त पातळ करायची गोळी' म्हणतात. गोळी कमी पडली तर गुठळी, जास्त झाली तर रक्तस्राव. मधली वाट चिंचोळी आहे आणि ती सापडली की नाही हे आमचा आकडा सांगतो. निरोगी माणसाचा हा आकडा एकच्या आसपास. झडपवाल्यांचा मात्र बहुतेक अडीच ते साडेतीनच्या मध्ये ठेवायचा असतो. एवढंच शास्त्र. बाकी सगळी माणसं.

दत्ताराम त्यातलाच एक. मच्छिमार बोटीवर तांडेल, म्हणजे बोटीचा कप्तान म्हणा. लहानपणी सांधे सुजण्याचा ताप आला, तो हृदयाला चावून गेला आणि चाळिशीनंतर मुंबईत झडप बसली. ऑपरेशननंतर आमच्या हृदयाच्या डॉक्टरांनी त्याला मोठ्या नाखुशीनं समुद्रावर जाऊ दिलं होतं. अट अशी की जाळं ओढायचं नाही, फक्त सुकाणू धरायचं, आणि आकडा बरोबर असेल तरच जायचं. भर समुद्रात मेंदूत गुठळी गेली तर तिथे कोण आहे?

उन्हाळ्यापर्यंत दत्तारामचा आकडा सुतासारखा सरळ होता. मग मासेमारीची पावसाळी बंदी लागली, बोटी किनाऱ्यावर ओढून नारळाच्या झापांनी शाकारल्या आणि त्याचा आकडा खाली यायला लागला. दोनच्या खाली. डॉक्टरांनी गोळी वाढवली, आकडा आणखी खाली. पुन्हा वाढवली, थोडा वर आला आणि पुन्हा बसला.

बोटीच्या मालकानं त्याला सांगून ठेवलं होतं, "दत्ता, नारळी पुनवेनंतर चार दिवस तुझी वाट बघेन. डॉक्टरनं नाय म्हटलं तर दुसरा तांडेल घेतो. माझं बर्फ वितळतं रे." यात मालकाचीही चूक नव्हती. पण एकदा दुसऱ्याच्या हाती बोट गेली की हंगामभर ती परत मिळत नाही, हे दत्तारामला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं.

मी माझ्या पद्धतीनं तपासाला लागले. माझी पद्धत म्हणजे आधी रुग्णावर संशय.

"तांडेल, गोळी चुकते का?"

"नाय मॅडम. दिवा लागला की गोळी."

"दारू?"

"सोडली. तुमच्या समोर शपथ घेतली व्हती, ती पण तुमीच घ्यायला लावलीत."

"काही वेगळं खाता का?"

"वेगळं काय खाणार? पावसात खातात तेच."

हे उत्तर मी ऐकलं आणि पुढे गेले. नंतर मी संशय नर्सवर घेतला, मग चाचणीच्या औषधाच्या नव्या बाटलीवर, मग यंत्रावर. यंत्राला आकडा आधीच माहीत असलेले नमुने दिले, त्यानं ते चोख सांगितले. वैशालीचं रक्त काढलं, बरोबर. स्वतःचं काढून घेतलं, तेही बरोबर. दत्तारामच्या दुसऱ्या हातातून काढलं, तोच कमी आकडा. मी डॉक्टरांना ऐटीत कळवलं, "लॅबमध्ये काहीही चूक नाही." ते म्हणाले, "ते उत्तम झालं. पण झडप लॅबमध्ये नाही, त्याच्या छातीत आहे."

त्या दिवशी दुपारी मी डबा उघडला. वैशालीनं डोकावून विचारलं, "काय आज?" मी म्हटलं, "टाकळा. पावसात दुसरं काय मिळतं?" एवढं बोलूनही माझ्या डोक्यात काही पेटलं नाही. भाजी छान झाली होती, फणसाच्या आठळ्या घातल्या होत्या. मी ती खाल्ली.

पुढच्या वेळी दत्ताराम बायकोला घेऊन आला. सुनंदा तिचं नाव, माहेर खेडच्या आतल्या बाजूचं, बोलायला फटकळ. यंत्रानं आकडा दिला, एक पॉइंट सहा. मी रिपोर्ट द्यायच्या खिडकीतून तोंड बाहेर काढून, चांगल्या रागाच्या आवाजात सांगितलं, "परत कमी आलंय!"

सुनंदाचा चेहरा उजळला. तिनं दत्तारामच्या पाठीत एक गुद्दा दिला. "बघा! मी काय म्हणत व्हती? कमी आला! गुण आला की नाय?"

मला वाटलं, बाई बहिरी आहे. म्हणून मी मोठ्यानं म्हटलं, "वहिनी, कमी आलंय, कमी!"

"व्हय गो बाय, ऐकलं मी. साखर पण माझ्या सासूची अशीच उतरवली मी. ह्यांचं रक्त आता घट्ट झालं ना जरा?"

"घट्ट कशाला करायचंय?"

"अवो, मुंबयच्या डॉक्टरनी सांगितलेलं ना, ह्यांचं रक्त पातळ हाय, जपा, लागू देऊ नका, लागलं तर रक्त थांबायचं नाय. पातळ रक्ताचा माणूस दर्यावर काय करणार? मी तेवापासनं ते घट्ट करायचा नाद लावून बसलेय. पण ह्यांना रोज मासा पायजे. आता बंदी लागली, मासा नाय, तर माझ्या हातात आले. रोज टाकळा. नाय तर शेवग्याचा पाला. नाय तर अळू, चांगलं घोटून. माझी आय बाळंतिणीला पण हेच द्यायची, रक्त भरायला."

मी खिडकीतच खुर्चीवर बसले.

हिरव्या पाल्यात एक जीवनसत्त्व असतं, ते बरोबर त्या गोळीच्या उलट काम करतं. हे मला परीक्षेत आलं होतं आणि मी त्यावर पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. डॉक्टर तिकडे गोळी वाढवत होते, सुनंदा घरी टाकळा वाढवत होती. दोघांचा सामना बरोबरीत चालला होता आणि पंच म्हणून मी यंत्र पुसत होते. 'काही वेगळं खाता का' या प्रश्नाचं त्यानं दिलेलं उत्तर अगदी खरं होतं. पावसात टाकळा खाणं वेगळं कसं असेल? मीसुद्धा तोच खात होते.

आता समजावणं आलं. समजावण्यात मी हुशार आहे असा माझा समज होता.

"वहिनी, कालवण कसं, फार घट्ट झालं की तळाला लागतं..."

"मग ह्यांना पाणी जास्त पाजू?"

"पाणी नाही हो. दुधाला विरजण लागलं की कसं..."

"दही खात नाय ते."

"बरं. खाडीच्या तोंडाशी गाळ साचला की बोट जशी आत..."

"गाळाचं काय बोलू नका मॅडम," दत्ताराम पहिल्यांदा मध्ये पडला, "आमी किती अर्ज केले. कोण बघतंय?"

रांगेतले चार लोक आता आमच्याभोवती होते आणि त्यातला एक गाळाबद्दल त्याला दुजोरा देत होता. मी हात टेकले. म्हटलं, "वहिनी, पातळही नाही आणि घट्टही नाही. हे दोन्ही शब्द विसरा. एक आकडा आहे. तो अडीचच्या वर आणि साडेतीनच्या खाली पाहिजे. खाली गेला तर झडपेवर गुठळी धरते, ती मेंदूत जाते, माणूस तिथल्या तिथे आडवा. वर गेला तर रक्त थांबत नाही. साखरेसारखा हा आकडा उतरला म्हणजे चांगलं, असं नाही. आज एक पॉइंट सहा आहे. म्हणजे वाईट आहे."

सुनंदानं कमरेवर हात ठेवले. "मग हे असं सरळ सांगायचं की पयल्यांदाच." मग तिचा आवाज खाली गेला. "म्हंजे मी इतके दिवस ह्यांना..."

"मारत व्हतीस," दत्ताराम म्हणाला. "पण भाजी बरी व्हती."

ती हसली नाही. पदर तोंडाला लावून भिंतीकडे वळली. मी कुणाची पाठ थोपटणाऱ्यांतली नाही. मी तिला हाताला धरून डॉक्टरांच्या खोलीत नेलं, ते जास्त उपयोगाचं होतं.

वाटेत तिनं ठरवून टाकलं होतं, "आजपासून घरात हिरवं पान येणार नाय." मीही मान डोलावली होती. डॉक्टरांनी आम्हा दोघींना थांबवलं. गोळी दोनदा वाढवलेली आहे, आता पाला एकदम बंद केला तर आकडा उसळून पार पलीकडे जाईल आणि रक्तस्राव होईल. पाला बंद करायचा नाही, थोडा आणि ठरलेला ठेवायचा, दर आठवड्याला सारखाच. गोळी त्यांनी एक पायरी खाली आणली आणि आकडा जागेवर येईपर्यंत पोटात टोचायची इंजेक्शनं लिहून दिली.

"किती भाजी, डॉक्टर?" सुनंदानं विचारलं.

"एक वाटी. दोन वार ठरवा."

"कोणती वाटी?"

डॉक्टरांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हटलं, "आमटीची." सुनंदाचं समाधान झालं. अख्ख्या प्रकरणात माझं एवढं एक स्पष्टीकरण तिला पहिल्या फटक्यात पटलं.

नारळी पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दत्ताराम आला. दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, म्हणजे आकडा नव्हे तर मुलगी बघायला आल्यासारखा. मी नळी लावली. यंत्रानं आकडा दिला, दोन पॉइंट एक. चढत होता, पण पोचला नव्हता.

"अजून एकदा लावा की, मॅडम."

हे मी कधी करत नाही. आकडा आवडला नाही म्हणून चाचणी परत करायची असेल तर मग चिठ्ठ्या टाकाव्यात, असं मी नव्या मुलींना ऐकवत असते. त्या दिवशी मी परत लावली. यंत्रानं तोच आकडा दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदा मला वाटलं, जरा चुकलं असतं तर काय बिघडलं असतं?

"थोडक्यात राहिलं," मी म्हटलं.

"थोडक्यात म्हंजे जाऊ?"

"नाही."

तो खिडकीच्या कठड्यावर बोटांनी ताल धरून उभा राहिला. त्याच्याहून अर्ध्या वयाचा एक तांडेल मालकाकडे रोज चक्कर मारत होता, हे त्यानं मला सांगितलं, जणू त्यावर माझ्याकडे एखादी चाचणी असावी. मग गेला. दुसऱ्या दिवशी सगळ्या बोटींनी दर्याला नारळ दिले. त्यानं आपला जेटीवर उभं राहून दिला, हे मला सुनंदानं फोनवर सांगितलं. मालकानं मात्र शब्द पाळला. वारा जोराचा होता, ते निमित्त करून त्यानं बोट बांधूनच ठेवली. चार दिवस म्हणजे चार दिवस.

शेवटच्या दिवशी सकाळी मी आले तेव्हा दोघं माझ्या आधी दारात होती. रक्त मी स्वतः काढलं, बरोबर रेघेपर्यंत. नळी फिरवली. वरचं पाणी स्वच्छ पिवळं आलं. यंत्रात ठेवली आणि मी यंत्रासमोर उभी राहिले, जशी पूर्वी पाण्याच्या टबासमोर उभी राहायचे. वैशाली म्हणाली, "मॅडम, तुम्ही बघून ते लवकर होणार नाही." मी तिला दुसऱ्या कामाला पाठवलं.

दोन पॉइंट आठ.

डॉक्टरांना फोन केला. त्यांनी "जाऊ दे त्याला, पण परत आल्यावर आधी इथे," असं सांगितलं. कागद काढून मी बाहेर गेले. रिपोर्ट घेऊन बाहेर जायची मला सवय नाही, आमच्याकडे ते खिडकीतून देतात. बाकावर सुनंदा एकटीच बसली होती.

"तांडेल कुठे?"

"गेले बंदरावर."

"गेले? रिपोर्टच्या आधी?"

"बसवत नव्हतं त्यांना. आकडा सांगा तुमी."

"दोन पॉइंट आठ."

तिनं ओठांतल्या ओठांत काहीतरी जुळवलं. अडीचच्या वर, साडेतीनच्या खाली. मग फोन लावून ती इतक्या जोरात बोलली की बाकावरचे सगळे दचकले. "अवो, दोन पाइंट आठ! जावा!" मग कान देऊन ऐकलं आणि तिचा आवाज चढला. "ह्यो आवाज कसला? इंजिन चालू केलंत? आकडा कळायच्या आधी?"

फोनमधून धडधड मलाही ऐकू येत होती. त्यातून दत्तारामचा आवाज आला, वाऱ्यात ओरडल्यासारखा.

"इंजिन मगाशीच चालू केलंय! दोर तेवढा बांधलेला ठेवलाय! आता सोडतो!"